देव्हाऱ्यातली सुपारी

सुपारी फोडायच्या बैठकीत मी नवरदेवाच्या आजोबांच्या धोतरावर चहा सांडला. मांडी बदलायला गेलो, गुडघा बशीला लागला, आणि पाचोडच्या त्या घरातला सगळ्यात पांढरा कपडा सगळ्यांच्या देखत रंगला. आजोबांना सगळं गाव आबा म्हणतं. ते हसून म्हणाले, "आसू द्या पाव्हणं. पोराच्या आधी आमालाच हळद लागली म्हणायची."

आतल्या खोलीतून बायका हसल्या. माझी बायको हसली नाही. माझ्या हातून काही सांडलं की पाठोपाठ तोंडातूनही काहीतरी सांडतं, हे तिला संसार करून करून ठाऊक झालेलं आहे.

आमच्यात पद्धत अशी, की ताटात कुंकू, तांदूळ, नारळ, सुपारी मांडून झाली की घरातला थोरला माणूस मोठ्यानं विचारतो, "कुणाचं काही म्हणणं?" हा प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारत नाहीत. सगळ्यांनी "काही नाही, फोडा" म्हणायचं, बत्ता खाली यायचा, सुपारी फुटायची, आणि सोयरीक पक्की. आबांनी बत्ता हातात घेतला आणि विचारलं. मी गेला आठवडाभर या प्रश्नाची वाट बघत होतो.

"एक आहे," मी म्हणालो. "मुलाचं रक्त तपासावं लागेल."

आबांचा बत्ता हातातच थांबला. मुलाचा चुलता भिंतीचा टेका सोडून पुढं सरकला.

"कशाचं रक्त, पाव्हणं? तसला रोग आमच्या घराण्यात नाय. पोरगं निर्व्यसनी हाय, गावात कुणालाबी इचारा."

तो कोणत्या रोगाबद्दल बोलतोय ते बैठकीतल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं, पण शब्द तोंडाबाहेर जाऊन बसल्यावर.

"तसलं नाही हो," मी म्हणालो. "दुसरं."

"दुसरं म्हंजी?"

इथं मला एवढंच सांगायचं होतं: आमच्या पुतणीच्या लेकीला थॅलेसेमिया आहे, रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा, म्हणून आम्हाला धास्ती वाटते. पण समोर गावातली पाचपन्नास माणसं, पलीकडं माझी मुलगी साडी नेसून बसलेली, आणि "आमच्या घरात" हे दोन शब्द माझ्या घशाच्या खाली उतरून बसले. त्यांच्या जागी भलतंच वर आलं.

"शासनाचा नियमच आलाय आता," मी म्हणालो.

आबांचा चेहरा निवळला. "मंग तसं म्हणा की! नियम हाय तर करू. गाडीला ती नवी नंबरची पाटी लावा म्हणले, लावली का नाय?" मग त्यांनी सरळ मनानं विचारलं, "मंग पोरीलाबी आसंल की नियम?"

"तिचं झालंय. काही नाही निघालं."

आतल्या दारात माझी मुलगी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. बघणाऱ्यांना वाटलं, लाजली. आणि लाजलीच होती ती, माझ्यापायी.

आबांनी बत्ता खाली ठेवला. सुपारी ताटातून उचलली, लाल कपड्यात गुंडाळली आणि देव्हाऱ्यात ठेवली. "आज नको. पोराचं रक्त आलं की फोडू. तवर ती देवाजवळ राहील."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होतो. वाटेतलं आडूळ गाव मागं पडलं. मग बायको म्हणाली, "पुढं ट्रक आहे." त्या दिवशी ती माझ्याशी एवढंच बोलली.

आता मागचं सांगतो. माझे थोरले भाऊ गेले तेव्हा त्यांची मुलगी कॉलेजात होती. तिचं लग्न मी जमवलं. वाळूजच्या एका कारखान्यात मी बाहेरून आलेला माल तपासतो. पेटी उघडायची, माप घ्यायचं, खोट निघाली तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचं. जावईही मी तसाच तपासला होता. घर, नोकरी, दात, चालणं, बोलणं. पास करून दिला. त्यांना लेक झाली, बारशाला मी भाषणसुद्धा केलं. मग ते लेकरू पांढरं पडायला लागलं, खेळता खेळता बसायला लागलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या अंगात चांगलं रक्त तयारच होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं भरावं लागेल.

लाल चिठ्ठी कुणाला लावायची हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. नातेवाइकांत जो भेटेल त्याला सांगत सुटलो, "आमच्याकडं असलं काही नाही हो. जावयाच्या घरचं आहे." हे बोलणं फिरत फिरत पुतणीच्या सासूपर्यंत गेलं. तिनं उलट निरोप धाडला, की सुनेनंच आणलंय माहेराहून. दोन्ही घरं एकमेकांवर रुसली. त्या रुसव्यात माझ्या पुतणीचं काय झालं, ते मी विचारायला गेलो नाही. लेकराला बघायला मात्र एकदा गेलो होतो. रक्त वाढावं म्हणून खजुराचं मोठं पाकीट आणि गुळाची ढेप घेऊन. पुतणीनं ते मुकाट्यानं ठेवून घेतलं.

मुलगी लग्नाची झाली तेव्हा ती स्वतःच म्हणाली होती, "पप्पा, आधी माझी तपासणी करू." मी म्हणालो, "तुला काय धाड भरलीय?" मोबाइलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता, लग्नाआधी तपासणी करा म्हणून. मी तो अर्धा बघितला. माझ्या कामापुरतं त्यात मिळालं होतं: येणारा माल तपासायचा.

पाचोडहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी तयार होऊन माझ्यासमोर उभी राहिली. "चला. तुम्ही म्हणालात माझं झालंय. आता करून घेऊ."

मी म्हणालो, इथं आपल्या गारखेड्यात नको, गल्लीतलं कुणीतरी भेटेल. ती म्हणाली, गारखेड्यात जायचंच नाही. तिनं मला जिथं नेलं तिथं ओळखीचं माणूस भेटायचं चुकलंच नाही. दवाखान्यातला तो वॉर्ड दिवसभरापुरता. लेकरं सकाळी येतात, रक्त भरून संध्याकाळी घरी जातात. रांगेनं खाटा, प्रत्येक खाटेशी रक्ताची पिशवी टांगलेली, आणि खालचं लेकरू मोबाइलवर कार्टून बघतंय. तिसऱ्या खाटेवर आमची नात होती. तिनं मला बघितलं आणि ओरडली, "आजोबा, खजूर आणला का?"

पुतणी हसली. "आणू नका, काका. हिला चालत नाही."

"खजूर चालत नाही? रक्त वाढतं की त्यानं."

"हिला रक्त कमी आहे ते लोह कमी पडल्यामुळं नाही. उलट भरलेल्या रक्ताबरोबर लोह येत राहतं आणि अंगात साठतं. ते काढायला रोज औषध देते मी. खजूर म्हणजे मी काढायचं आणि तुम्ही भरायचं."

मी विचारलं, मग त्या पाकिटाचं काय केलंस? ती म्हणाली, "सासूबाईंनी खाल्ला. तुमचं नाव घेत घेत." मला वाटलं कौतुकानं. मग तिच्या चेहऱ्याकडं बघितलं.

मुलीचं रक्त घेऊन झालं. नर्स म्हणाली, वडिलांचंही घेऊ. मी म्हणालो, माझं कशाला, मी तर मुलीकडचा. पुतणीनं खाटेजवळचं स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"बसा, काका. गावाकडच्या विहिरीवर दोन मोटरी होत्या, आठवतंय?"

"आठवतंय की."

"एक जळाली तरी दुसरी पाणी ओढायची. रानाला कळायचं सुद्धा नाही. रक्ताचंही तसंच आहे. प्रत्येकाकडं दोन मोटरी, एक आईनं दिलेली, एक बापानं दिलेली. माझी एक जळालेली आहे. हिच्या पप्पांचीही एक. आम्हाला दोघांना काहीच होत नाही, जन्मभर कळलंही नसतं. पण लेकराला देताना आपल्या दोनातली कोणती जाईल ते आपल्या हातात नसतं. हिच्या वाट्याला दोन्हीकडनं जळालेलीच आली."

"म्हणजे जावयाकडनंही आणि..."

"आणि माझ्याकडनं. एका बाजूनं हे होतच नाही, काका. दोन्ही बाजू लागतात." तिनं लेकराच्या हातावरची पट्टी नीट केली. "आईचं तपासलं, तिचं काही निघालं नाही. मग मला कुणी दिली?"

माझे भाऊ. आणि भावाला आमच्या आईबापांपैकी कुणीतरी. आणि मी त्याच घरचा. कारखान्यात इतकी वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला हा हिशेब एका लेकुरवाळीनं खाटेच्या कडेला बसून समजावून द्यावा लागला. मी शर्टाची बाही वर केली. नर्सला शीर सापडेना, ती बिचारी म्हणाली, "काका, हात ढिला सोडा." हात ढिलाच होता. अवघडलं होतं ते वेगळंच काही.

काही दिवसांनी डॉक्टरीण बाईंनी बापलेकीला समोर बसवलं. "दोघांचंही सारखंच आहे. मायनर. म्हणजे तुम्ही वाहक आहात, आजारी नाही. रक्त जरासं कमी राहतं, एवढंच. उगाच लोहाच्या गोळ्या खाऊ नका."

आमच्या कारखान्यात दरवर्षी रक्तदान शिबिर होतं. दरवर्षी बोटाला टोचून मला परत पाठवतात, रक्त कमी आहे म्हणून. मी बिस्किटाचा पुडा आणि केळ घेऊन येतो आणि घरी सांगतो, देऊन आलो. मुलगी लहानपणापासून पांढुरकी. तिला मी गूळ-शेंगदाण्यावर वाढवली आणि दोष दिला बायकोच्या स्वयंपाकाला. ते सगळं त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या अंगावर आलं.

मुलीनं मात्र कामाचा प्रश्न विचारला. "आणि त्याचंही निघालं तर?"

"तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका," बाई म्हणाल्या. "लग्न करू नका असं मी म्हणणार नाही. दिवस राहिल्यावर वेळेत तपासता येतं. पण डोळे उघडे ठेवून करा. त्याचं काही नाही निघालं तर तुमची मुलं फार तर तुमच्यासारखीच."

म्हणजे आता सगळं पाचोडच्या पोरावर आलं. बाहेर पार्किंगमध्ये मुलगी हेल्मेट हातात धरून नुसती उभी राहिली. तिला तो मुलगा आवडला होता. मला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. ज्या घरात बाप सगळं तपासतो तिथं पोरी अशा गोष्टी तपासायला देत नाहीत. मी म्हणालो, "होईल नीट." ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आधी खरं सांगा त्यांना. मग नीट झालं काय, नाही झालं काय." मी मान हलवली. त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. फोन हातात घ्यायचो, हवामान बघायचो आणि ठेवायचो.

शेवटी आबाच आले. एसटीनं, नातवाला बरोबर घेऊन. सोफ्यावर न बसता सतरंजीवर बसले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोराचं काय निघालं नाय. सोळा आणे."

माझा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरात भांडं पडलं ते मुलीच्या हातून. मी हसत उठलो, म्हणालो, चहा टाका. आबा उठले नाहीत.

"आन पोरीचं काय म्हणला व्हता तुम्ही त्या दिशी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वाट बघणं होतं. बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. अजूनही मी म्हणू शकत होतो, की काही नाही. धोका टळलाच होता. खोटं आता कुणाच्या केसाला धक्का लावणार नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला, हे लिहायलाही मला लाज वाटते.

"मी खोटं बोललो, आबा," मी म्हणालो. "तेव्हा तिचं झालंच नव्हतं. आता झालं. तिच्यात आहे. माझ्याकडनं आलंय. शासनाचा नियमबियम काही नाही. आमच्या पुतणीच्या लेकराला हा आजार आहे, आणि ते मला तुमच्या बैठकीत सांगवलं नाही."

आबांनी नातवाकडं बघितलं. नातू स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होता.

"ठावं हाय," आबा म्हणाले. "पोरीनं त्याच दिशी पोराला फोनवर सगळं सांगितलं. तिचं रक्त आलं तेबी सांगितलं. म्या फकस्त तुम्ही सांगताव का ते बघाया आलो."

मी खाली बसलो.

"तुमच्याकडंबी आधी मेंढरंच व्हती ना, पाव्हणं? दुसऱ्याच्या कळपातला मेंढा आणताना आपला बाप काय करायचा? आपल्या कळपात काय खोट हाय ते आधी सांगायचा, मंग त्याची इचारायचा. आपली न सांगता दुसऱ्याच्या मेंढ्याचं तोंड उचकून बघणाऱ्याला कुणी मेंढरांच्या वाड्यावर उभं करत नव्हतं." मग ते जरा हसले. "रक्ताचं काय, ते कुणाच्या हातात नसतं. सुपारी फोडू. पण त्या दिशी तुमची पुतणी आन तिचं लेकरू बैठकीत पाहिजेल. घरातली माणसं लपवून सोयरीक व्हत नसती."

मागच्या वेळी पुतणीला मी पाचोडला बोलावलंच नव्हतं. लेकराला दगदग होईल, असं कारण दिलं होतं. आबांनी न विचारताच ते ओळखलं होतं.

दुसऱ्यांदा बैठक भरली तेव्हा मी चहाला हातच लावला नाही. पुतणी बायकांमध्ये बसली होती आणि तिची लेक थेट आबांच्या मांडीवर, बत्ता धरून. आबांनी विचारलं, "कुणाचं काही म्हणणं?" आणि मी उठून उभा राहिलो. चुलत्यानं कपाळाला हात लावला.

मी सगळं सांगितलं. आमच्या घरात हे आहे, माझ्यात आहे, मुलीत आहे, हा लागट रोग नाही, पाप नाही, शाप नाही. लग्नाच्या आधी दोघांचंही रक्त तपासावं, एकट्या मुलाचं नव्हे, एकट्या मुलीचंही नव्हे. मग मी विहिरीवरच्या दोन मोटरी सांगितल्या. ते उदाहरण लोकांना फार पटलं. एक म्हातारा म्हणाला, "बराबर हाय, आमची मागल्या साली जळाली तवा तसंच झालं." मला जोर चढला; मी मोटरीला स्टार्टर जोडला, वायरिंग जोडलं. चुलता चक्क म्हणाला, "पाव्हणं, आमच्या शाळंत येऊन सांगा की हे." शेवटी आबांनीच मला बसवलं. आमच्या नातीच्या हातावर हात ठेवून त्यांनी बत्ता खाली आणला. सुपारी पहिल्या घावाला फुटली नाही. दुसऱ्याला फुटली. मुलीनं आतून माझ्याकडं पाहिलं, आणि या वेळी नजर खाली घेतली नाही.

परतताना उन्हं कलली होती. मुलगी मैत्रिणींबरोबर दुसऱ्या गाडीत बसली. आमच्या गाडीत मागच्या सीटवर पुतणी, आणि तिच्या मांडीवर लेकरू. थोड्याच वेळात दोघींना झोप लागली. मी आरशातून एकदा बघितलं आणि बायकोला हळूच म्हणालो, "बोललो ना शेवटी?"

शाबासकीची वाट मी बघत नव्हतो, असं म्हणणार नाही.

तिनं मागं वळून दोघी झोपल्याची खात्री केली. मग म्हणाली, "बोललात. माईक असता तर माईकवर बोलला असतात. मोटरीचं उदाहरण तिचं होतं, तेही तुम्ही आपलं म्हणून सांगून टाकलंत, ती समोर बसलेली असताना. आणि जावयाच्या घरचं आहे म्हणून गावभर फिरला होतात, ते तेवढं बैठकीत राहून गेलं. ते बैठकीत सांगायचं नसतंच म्हणा. ते हिलाच सांगायचं, आणि मग हिच्या सासूला. आडूळला गाडी थांबवा. मी लेकराला घेऊन खाली उतरते, तुम्ही काका-पुतणी चहा घ्या. आणि तोवर आरशात बघू नका, पुढं बघा."